औलीच्या उतारावरची जोडी

श्रीरामपूरच्या स्टेशनावर पाटी बेलापूरची आहे, याचं आम्हा गावकऱ्यांना कधी काही वाटत नाही. त्या सकाळी मात्र दिल्लीच्या गाडीची वाट पाहताना माझ्या मनात आलं, निघतानाच जागेचं नाव चुकीचं असेल तर पुढे काय होणार. मंदा आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाहून पहिल्या एसटीने आली होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "रूथे, तुझं त्वांड असं का? बरं न्हाई का?"

"झोप झाली नाही," मी म्हणाले.

आम्ही सहा जणी. तीस वर्षांपूर्वी नगरला डी.एड. करताना एका वसतिगृहात राहिलो, आता सगळ्या पन्नाशीला टेकलेल्या शिक्षिका. विजया खेळाची शिक्षिका. यंदाच्या सहलीला महाबळेश्वर नको, गढवालात औलीला जाऊन बर्फावरचं घसरणं, म्हणजे स्कीइंग, शिकायचं हे तिनेच ठरवलं. सगळ्यांनी भराभर होकार दिला. मी सर्वांत शेवटी दिला, कारण नकाराचं खरं कारण सांगायची लाज वाटत होती. माझी आई न्हाणीघरासमोरच्या ओल्या फरशीवर पडली, खुबा मोडला आणि ती पलंगावरून पुन्हा उठली नाही. तेव्हापासून जिना उतरतानासुद्धा माझा एक हात कठड्यावर असतो. आणि मी चालले होते मुद्दाम पडायला.

दिल्लीहून हरिद्वार आणि तिथून दिवसभर जीप. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल खाली अलकनंदा. रुद्रप्रयागच्या पुढे दरड पडल्यामुळे दोन तास खोळंबलो. बाकीच्या उतरून फोटो काढत होत्या, मी वरचे दगड बघत बसले. चालकाने सांगितलं, "मॅडम, देखने से नहीं रुकते." जोशीमठात जमीन खचून काही घरांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मुक्काम तिथे नव्हता, तरी घाट चढून औलीला पोचेपर्यंत मी प्रत्येक भिंत न्याहाळत होते.

औली पहिल्यांदा दिसली तेव्हा मात्र मी भिंती विसरले. पांढरा उतार, कडेने देवदार, आणि समोर नंदादेवी, इतकी जवळ की शेजारच्या गल्लीत राहत असावी. जेवायला मंडुव्याची रोटी (आपली नागलीचीच भाकरी) आणि गहतची डाळ (आपला हुलगा) होती. मंदाने पहिल्या घासालाच मान हलवली. "आमच्याकडचंच हाय की सगळं. उगं एवढ्या लांब आलो."

दुसऱ्या दिवशी शिक्षण सुरू झालं. स्कीचे बूट म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. आमचे शिक्षक नेगी सर, चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आमच्या जोड्या लावल्या आणि एकच नियम दोनदा सांगितला. कुणी एकटीने उतरायचं नाही. जोडीदारीण दिसेनाशी झाली, तर जिथे असाल तिथे थांबायचं. माझी जोडी मंदाशी लागली.

बुटांखालच्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणली आणि टाचा लांब केल्या की वेग कमी होतो, एवढं शिकायला मला दोन दिवस लागले. मंदा पहिल्याच दुपारी सरळ खाली गेली. "भाताच्या खाचरात चिखलावरून चालायची सवय हाय मला," ती म्हणाली. मी अकरा वेळा पडले. हाड मोडलं नाही. पण दर वेळी पडल्यावर मी क्षणभर न हलता पडून राही आणि आधी पाय हलतोय का ते बघे. मंदा प्रत्येक वेळी वळून वर येई, हात देई, आणि कुणाला काही सांगत नसे.

चौथ्या दिवशी सर आम्हाला चेअरलिफ्टने, म्हणजे तारेवरच्या खुर्चीतून, वरच्या टप्प्यावर घेऊन गेले. तिथून झाडांमधून वळणं घेत खाली यायचं होतं. मंदाने आपला मोबाईल माझ्या पिशवीत टाकला. "तू हळू येतीस. तुझ्यापाशी फुटनार न्हाई." सर चौघींना घेऊन पुढे निघाले. शेवटची जोडी आमची.

मी खाली पाहिलं. उतार पहिल्या वळणापाशी संपतो आणि पुढे काहीच दिसत नाही. 

"तू हो पुढे," मी मंदाला म्हणाले. "बूट घट्ट करून आलेच मी."

"नक्की?"

"नक्की. आलेच."

ती वळणाआड गेली. मी पट्ट्या काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि मागे फिरून खाली जाणाऱ्या खुर्चीत बसले. ती आपली आपण खाली येईल, मग गुडघा दुखल्याचं सांगू, असा विचार केल्याचं मला लख्ख आठवतं. नियम आठवला नाही, असंही म्हणता येणार नाही.

मी खालच्या चहाच्या टपरीवर बसले होते तेव्हा नंदादेवी ढगात गेली. मग वारा सुटला आणि बारीक बर्फ आडवं येऊ लागलं. थोड्या वेळाने सर आणि चौघी अंग झटकत आल्या.

विजयाने मला पाहिलं. "तू आधीच खाली? मंदा कुठंय?"

"येतेय मागून," मी म्हणाले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. वाऱ्यामुळे चेअरलिफ्ट बंद केली. सर उताराकडे बघत उभे होते. त्यांनी विचारलं, "वो रास्ते में कहाँ थीं आपके साथ?" तेव्हा मला बोलावंच लागलं. मी तिच्यासोबत आलेच नाही, वरूनच परत फिरले, आणि ती माझी वाट बघत पहिल्या वळणापाशी थांबली असणार.

सर दोन माणसं घेऊन चालत वर निघाले. मीही उठले तर ते फक्त म्हणाले, "आप बैठिए. एक को ही ढूँढना है."

विजया त्यांच्यामागे जमेल तिथपर्यंत गेली. मी टपरीच्या बाकावर बसले. टपरीवाल्या बाई, सगळे त्यांना बोडी (काकू) म्हणत, त्यांनी माझ्या हातात चहा दिला आणि माझी बोटं कपाभोवती स्वतःच्या हातांनी मिटवली. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण मला शब्द आठवेनात.

तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला. मंदाचा. पलीकडे तिचा नवरा होता.

"मंदे, म्हस व्यायली. रेडी झाली," ते म्हणाले.

"भावजी, मी रूथ बोलतेय. मंदा वर आहे. अजून आली नाही."

"अजून वरच हाय का? तिचं तसंच. बर्फात बी पुढंच पळत आसंल. आली की सांगा."

"सांगते," मी म्हणाले. ढग आल्याचं, चेअरलिफ्ट थांबल्याचं त्यांना सांगायला हवं होतं. मी फोन ठेवला.

वर गेलेले परत आले तेव्हा पावणेदोन तास झाले होते. आधी सरांचं लाल जाकीट दिसलं, मग त्यांच्यामागे मंदा, स्वतःच्या पायांनी चालत. भुवयांवर बर्फ साचलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते. ती वळणावरच्या देवदाराला टेकून थांबली होती. मी येईना, वर ढग उतरला, तेव्हा मी पडले असेन असं तिला वाटलं. पट्ट्या काढून ती गुडघाभर बर्फातून मला हाका मारत परत वर चढली होती, आणि कुणीच दिसेना तेव्हा त्याच झाडापाशी येऊन थांबली होती; सरांना ती तिथेच सापडली.

मी खाली सुखरूप आहे, एवढंच सरांनी तिला सांगितलं होतं. मला बाकावर बसलेलं बघून ती आधी हसली. "आलीस का तू. बरं झालं. मला वाटलं, पडली बिडली..."

"मी आलेच नव्हते मंदा. तू गेल्यावर लगेच खुर्चीतून खाली उतरले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून बोडींच्या चुलीसमोर बसली आणि हात शेकायला लागली. म्हैस व्यायल्याचं मी सांगितलं, तर फक्त "बरं" म्हणाली.

उरलेले दोन दिवस ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. मी सरांना सांगितलं, मला भीती वाटते, खालच्याच उतारावर राहू द्या. त्यांनी राहू दिलं. हे पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं. तिथे मी आणखी पुष्कळदा पडले. मला हात द्यायला विजया यायची.

परतीच्या गाडीत मनमाड गेल्यावर मंदा माझ्यासमोरच्या सीटवर येऊन बसली. खिडकीबाहेर ऊस लागला होता. "भ्या वाटत हुतं तर तसं म्हनायचं," ती म्हणाली. "मी काय तुला ढकलून देनार हुते?" डब्यातली शेवटची मंडुव्याची रोटी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.

घरी सगळे विचारतात, मजा आली का. मी बर्फाचं सांगते, नंदादेवीचं सांगते. प्रवासात माणूस वेगळा होत नाही, फक्त घरी जे झाकता येतं ते तिथे झाकता येत नाही, एवढं मला कळलं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसले. लिहून झाल्यावर मंदाला फोन लावला आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं, कारण तिला विचारल्याशिवाय हे बाहेर देणं मला जमलं नसतं.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. वाचून संपलं. मागे गोठ्यात भांडं वाजल्याचा आवाज आला.

"तू सोडून गेलीस ते बरोबर लिवलंस," ती म्हणाली. "पन त्या झाडापाशी मी लई रडले हुते. सर यायच्या आधी डोळे पुसले. घरी बी सांगितलं न्हाई कुनाला. ते पन लिव."