पुसलेलं गोंदण

आमच्या म्हसावदहून सकाळची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात बारा फोटोंचं पाकीट, पाण्याची बाटली आणि विमलचा मोबाईल. विमल माझी पत्नी. मोलगीच्या वर, सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात ती बावीस वर्षं परिचारिका होती. माघात ती गेली. त्याआधीच्या दिवाळीत तिने हा फोन घेतला आणि ओळखीच्या बायांचे फोटो काढले, "छापून आणून देते" असं सांगून. ते राहून गेलं. आता वैशाखात, मोलगीच्या बाजाराचा दिवस धरून, मी ते द्यायला निघालो होतो.

मी शाळेत मराठी शिकवलं आणि उरलेला वेळ पुस्तकांत घालवला. बावीस वर्षांत मी डोंगरावर दोनदाच गेलो, तेही उभ्या उभ्या. वाचणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं, म्हणजे पुढचा माझा राग नुसता फोनवरचा नाही हे कळेल.

फोनबद्दल सांगायला हवं. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, फ्लॅगशिप आहे, फक्त खिशाला परवडणारा." घरी येऊन मी शब्दकोश काढला. आरमारात सेनापतीचं निशाण ज्या जहाजावर असतं ते, असा अर्थ निघाला. तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव 'जहाज'. जहाज अर्ध्या तासात चार्ज होतं, पण तिच्या उपकेंद्रात वीजच दिवसातून दोन तास. जहाजाला वेगवान नेटवर्क पकडता येतं, पण तिथे रेंज मिळायला टेकडीवरच्या मोहाखाली जावं लागायचं. आणि जहाज तिच्या चेहऱ्याने उघडतं. मी समोर धरलं की पाटी येते: 'चेहरा ओळखता आला नाही.' मग आकडे दाबायचे. ते बदलता येतं म्हणतात. मी बदललेलं नाही.

तळोद्याला गाडी बदलली, चहा घेतला, आणि दहाच्या सुमारास अक्कलकुव्याला उतरलो. हायवेवर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. मोलगीची जीप भरत होती. चालकाने मला पुढच्या बाकावर सरकवलं. तिथे आधीच तिघे होते.

"कोठे निंघनात गुरुजी, मोलगीले का?" चालकाने विचारलं.

मी मान हलवली. एवढ्यात जहाज वाजलं. पडद्यावर 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे'.

चालकाने वाकून पाहिलं आणि हसला. "भारी फोन शे. बठना महाराष्ट्रमा, पोचना गुजरातमा! कितलाले लिधा?" (केवढ्याला घेतला?)

मी किंमत सांगितली. मागून कोणीतरी म्हणालं, "इतलामा दोन बकऱ्या येतीस." "आनि त्या रेंज बी मांगतीस नही," चालकाने जोडलं. अख्खी जीप हसली.

देवगोईच्या घाटात जीप तापली. चालक उतरला, बॉनेट उघडून पाणी ओतू लागला. मला खालच्या दरीचा फोटो घ्यावासा वाटला; विमल त्या वळणाबद्दल नेहमी बोलायची. कॅमेरा उघडला तर नवी पाटी: 'फोन गरम झाला आहे. थंड होऊ द्या.'

"तुमनं बी तापनं का?" चालकाने बाटली पुढे केली. "पाजा त्याले बी."

दरी मी डोळ्यांनीच पाहिली. वाळलेला साग, मधूनमधून हिरवे आंबे, आणि घरांच्या कौलांवर पांढरे चौकोन. ते आमचूर. कैरीच्या फोडी उन्हात वाळवून इथल्या बाया बाजारात विकतात.

मोलगीच्या बाजारात आमचूरचे ढीगच ढीग होते. व्यापाऱ्यांचे काटे, मिरची, मातीची मडकी, चांदीच्या साखळ्या. एका लिंबाखाली गोंदणारा बसला होता, समोर बॅटरीचं यंत्र, नक्ष्यांचा पुठ्ठा आणि वाटीत काजळी. त्याच्यापुढे हात धरून बसलेली तरुण मुलगी डोळे मिटून हसत होती. मी जातरीबाईची चौकशी केली. ती तिकडची जुनी सुईण. विमलने करून ठेवलेल्या यादीत तिचंच नाव वर होतं आणि बाकीच्या अकराजणी तिच्या ओळखीच्या होत्या.

जातरीबाई आमचूरच्या टोपलीमागे बसली होती. मी नाव सांगितलं. ती उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाली, "सिस्टरबाईचा माणूस तू. एवढे वर्ष नाय आला. आता आला."

मी पाकीट उघडून तिचा फोटो तिच्या हातात दिला.

तिने तो उन्हात धरला. उलटा केला. परत सुलटा केला.

"ही कोण?"

"तुम्ही. दिवाळीत काढलेला."

"लुगडं माझं. बकरी माझी. बाई माझी नाय."

मला वाटलं, म्हातारीची नजर अधू झाली असेल. मी फोटो घेतला आणि तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर उभी रेघ, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत ठिपके, हनुवटीवर तीन, गालांवर एकेक. हिरवट काळं, जुनं गोंदण. फोटोत त्यातलं एकही नव्हतं. गाल धुतलेल्या बशीसारखे. मागच्या बकरीच्या कानातली गोचीड मात्र स्पष्ट दिसत होती. टोपलीची एकेक काडी मोजता आली असती. एवढ्या ताकदीच्या कॅमेऱ्याने एका बाईच्या तोंडावरच्या खुणा तेवढ्या डाग समजून पुसून टाकल्या होत्या.

मी उरलेले अकरा फोटो काढले. सगळे तसेच. सगळ्याजणी थोड्या उजळ, थोड्या तरुण, आणि सगळ्या एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात अशा. शहाद्याच्या स्टुडिओत छापून घेताना मी ते फोटो पाहून "छान आलेत" म्हणालो होतो.

जातरीबाईचा आवाज चढला. "हे घरात नाय लावणार. गोंदण नाय ती बाई वर गेली तर आमचे म्हातारे तिला वळखतील कसे? पैसा, चांदी, लुगडं, सगळं इथे ऱ्हातं. हे एक वर येतं. ते तुझ्या फोनने काढून घेतलं?"

आजूबाजूच्या बाया जमल्या. फोटो हातोहात फिरले. "ही तर मुंबईवाली!" एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. हशा पिकला, पण फोटो कोणी ठेवून घेईना. विमलने दिलेला शब्द माझ्या हातात परत येऊन पडत होता.

मी जहाज काढलं. 'चेहरा ओळखता आला नाही.' आकडे दाबले, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे 'सौंदर्य' नावाची पट्टी होती, निम्म्याच्या पुढे सरकवलेली. विमलला असल्या पट्ट्या सरकवणं माहीत नव्हतं. ती दुकानातूनच तशी आली होती. मी ती शून्यावर आणली. जुने फोटो होते तसेच राहिले. कुणी विचारलं होतं? कुठल्या तरी थंड खोलीत बसून, काजळीचा ठिपका म्हणजे घाण, हे कुणी ठरवलं? आणि ठरवलं तर ठरवलं, घेणाऱ्याला निदान सांगायचं तरी!

"सिस्टरबाईचा फोटो दाखव," जातरीबाई म्हणाली.

खिशातल्या पाकिटात मी विमलचा एक छोटा फोटो ठेवला होता. त्याच फोनवर तिने स्वतः काढलेला. तोच मोठा करून घरी भिंतीवर लावला आहे. तीन महिने मी त्याच्यासमोर बसतो आणि तीन महिने मला वाटत होतं, काहीतरी चुकतंय. दुःखात असं होत असेल, असं मी समजत होतो.

जातरीबाईने एका नजरेत सांगितलं. "हिचा वण कुठे?"

विमलच्या गालावर भाजल्याचा छोटा वण होता. मला तो ठाऊक होता. पण नेमका कुठे, डोळ्याखाली की कानाजवळ, हे आठवेना. एकतीस वर्षांचा संसार. मी भर बाजारात उभा राहून आठवत होतो, आणि डोळ्यांपुढे यायचा तो हाच गुळगुळीत फोटो. जहाजाने तिच्या गालावरचा वण पुसला होता, आणि रोज पाहून पाहून माझ्या आठवणीतलाही.

"इथे," जातरीबाईने फोटोवर बोट टेकवलं. उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली दोन बोटं. "माझी सून चुलीजवळच बाळंत होत होती, सिस्टरबाईने पाणी तापत ठेवलेलं. लाकूड ओलं होतं. फट् करून ठिणगी उडाली. ती हलली नाय, पोर हातात येत होतं. तो वण माझ्या घरचा आहे. तिचं गोंदण माझ्या चुलीवर झालं."

विमलने मला सांगितलं होतं, "काही नाही, जरा भाजलं." मी पुस्तकातून मान वर करून "बरं" म्हटलं असणार.

जातरीबाई तरातरा लिंबाखाली गेली आणि गोंदणाऱ्यापुढची काजळीची वाटी उचलली.

"याहा (आई), माझा धंदा!" तो ओरडला.

"तुझ्या बापाला आईच्या पोटातून मी काढला, गप बस."

आगकाडीचं टोक काजळीत बुडवून तिने आधी स्वतःच्या फोटोवर ठिपके दिले. कपाळाची रेघ, डोळ्यांचे कोपरे, हनुवटीवर तीन. आरसा लागला नाही. मग ज्या बाया बाजारात होत्या त्यांनी आपापले फोटो मागून घेतले. एकीची रेघ वाकडी गेली तर दुसरी म्हणाली, "तशीच शोभते, तू पण वाकडीच!" बाजारात न आलेल्यांचे फोटो जातरीबाईने कनवटीला लावले. त्यांच्या खुणा तिला पाठ होत्या.

तिने मला भाकरी, लाल मिरचीची चटणी आणि कैरीची फोड दिली. विमलच्या फोटोला मात्र हात लावला नाही. पळसाच्या पानात थोडी काजळी बांधून माझ्या पिशवीत टाकली. "तिचं तू दे. आता जागा माहीत झाली ना?"

परतीच्या जीपमध्ये मी फोन काढला नाही. घाट उतरताना उजव्या गालावर, डोळ्याखाली दोन बोटं, एवढंच मनात घोकत राहिलो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. भिंतीवरची तसबीर उतरवली, हार बाजूला ठेवला, मागचे खिळे काढून काच वेगळी केली. पळसाच्या पानातल्या काजळीत आगकाडी भिजवली. ती उजव्या गालावर टेकवली; ठिपका हवा होता त्यापेक्षा मोठा झाला. पुसावा असं क्षणभर वाटलं.

पुसला नाही. काच लावली, तसबीर जागेवर टांगली आणि समोर बसलो. आज चुकल्यासारखं वाटलं नाही. ठिणगी उडाली तेव्हा न हललेली बाई माझ्याकडे पाहत होती.