दगडावरची मोकळी जागा

सुभेदारांनी ग्रामसभेत हात वर केला की तो खाली घेत नसत. सरपंच दुसरीकडे बघत, पाणी पीत, गटारीचा विषय काढत. हात आपला वरच. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणे, "आवं सुभेदार, बोला की एकदाचं!"

असा एखादा तुमच्याही गावात असेल. मी रहिमतपूरजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीत कारकून, सभेचं इतिवृत्त लिहितो. त्यांचं मागणं मला तोंडपाठ होतं. देवळापुढच्या दगडावर लढाईत कामी आलेल्या गावच्या जवानांची नावं कोरली आहेत, त्यात शिवाचं नाव घाला. शिवा आमच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला. दोघं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले होते. तिथल्या निर्वासितांच्या छावणीतल्या बायापोरांना पाण्याचा टँकर पोचवताना शिवाला गोळी लागली.

एवढं सांगून सुभेदार बसत, आणि मग जे गुऱ्हाळ सुरू होई, विचारू नका!

"भांडण त्यांचं, आन् पोरं आमची का मरायची?"

"जगात देशाची पत वाढतीया, तुमाला काय कळतंय?"

मग हे सरकार, आधीचं सरकार, काल टीव्हीवर कोण काय बोललं. शिवा राहिला बाजूला. "त्यो काय देशासाठी मेला न्हाई," असंही एकजण बोलून गेला. सुभेदारांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण म्हणाले नेहमीचंच, "मुद्द्याचं बोला, गड्या. नाव लावायचं का न्हाई?"

माझं डोकं उठायचं. पण मी तरी काय दिवे लावले? दर खेपेला लिहिलं, 'विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.'

शिवाच्या आईला वाचता येत नाही. दर पंधरा ऑगस्टला ती दगडापाशी येऊन विचारायची, "ह्यात माझा कुठं रं?" सुभेदार तिचं बोट धरून सगळ्यात खाली, कोऱ्या दगडावर टेकवत. "ही जागा त्याची, मावशे. कुणाला घिऊ देत न्हाई." मग मला बाजूला घेऊन विचारत, "म्हातारी हाय तवर हुईल का रं?"

"होईल की," मी म्हणायचो. सरकारी माणसाला दुसरं काय येतं!

शिमग्यानंतर सुभेदार गेले. पुढच्या सभेत त्यांच्या श्रद्धांजलीचा ठराव एका मिनिटात मंजूर, तोही एकमतानं. एरवी भांडणारे दोन्ही गट उभे राहिले. मग दगडाचा विषय आला. सरपंचांनी सगळीकडे पाहिलं. एकही हात वर नव्हता. माझाही नव्हता. मी लिहिलं, 'विषय मांडणारे ग्रामस्थ गैरहजर असल्याने तहकूब.' लिहिताना स्वतःचीच चीड आली, तरी पूर्णविराम देऊन वही मिटली.

परवा पंधरा ऑगस्टला म्हातारी आली. दगडापुढं उभी राहिली, माझ्याकडं बघून बोट पुढं केलं.

"आता तू धर, लेकरा."

मी बोट धरलं, खालच्या कोऱ्या दगडावर टेकवलं. ती वाट बघत राहिली. 'ही जागा त्याची' एवढं काही माझ्या तोंडून निघेना.