रोज नाटक करते

प्रश्न वाचायचा, लोक बोलतील ते लिहून घ्यायचं, हेच सरिताचं नऊ वर्षांचं काम. कधी नळाच्या पाण्याबद्दल, कधी शाळेतल्या अंड्यांबद्दल. घर कानडी तर कानडीत, मराठी तर मराठीत. या खेपेला प्रश्न नाटकाचे होते. कोप्पीकर रोडवरच्या एका संस्थेनं सरकारी शाळांतल्या मुलांना स्वखर्चानं धारवाडला नेऊन नाटक दाखवलं होतं. त्याचा परिणाम काय झाला, ते आता घरोघरी विचारायचं. त्या दिवशी बसमधून मुलांना सांभाळून नेलं होतं तेही सरितानंच.

रायापूरला पार्वती डब्याचं झाकण लावतच दारात आली. मूळची अळणावरकडची, आता इथं कारखान्यात. घरात ती आणि तिची नऊ वर्षांची लीला, बस.

"नाटक बघून आल्यापासून लीलात काय बदल दिसला?"

"बदल? रोज नाटक करती की अक्का! सकाळ झाली की पोट धरून..."

कोपऱ्यावर कारखान्याच्या गाडीनं हॉर्न दिला. पार्वती धावली. सरितानं फॉर्मवर लिहिलं, 'रोज नाटक करते, पोट धरून हसते', आणि 'उत्तम'पुढे खूण केली.

दोन दिवसांनी संस्थेच्या ऑफिसात प्रेमानंद सरांनी तोच फॉर्म मोठ्यानं वाचला. "वा! अहवालाच्या पहिल्या पानावर हेच घेऊ. सरिताबाई, असे अजून दहा आणा. पुढच्या वर्षी दोन बस करू."

सगळे हसले. सरिताही हसली, आणि मध्येच थांबली. 'हसते' हा शब्द पार्वतीनं उच्चारलाच नव्हता. तो सरिताच्या पदरचा होता. धावताना पार्वतीचा चेहरा हसरा होता का? छे. वैतागलेला होता.

सकाळ झाली की पोट धरून बसते. नाटक करते.

सरिताची मुलगी रश्मी दुसरीत असताना अशीच पोट धरून बसायची. "शाळा चुकवायची नाटकं पुरे!" म्हणत सरितानं तिला तीन दिवस शाळेत ढकललं होतं. चौथ्या दिवशी ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, "अजून एक दिवस गेला असता तर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं होतं. सरिता ते अजून रोज पुरं करते.

पार्वतीचा फोन लागेना; कामावर फोन आत नेऊ देत नाहीत. सरितानं धारवाडकडे जाणारी जलद 'चिगरी' बस पकडली. नाटकाला पंधरा दिवस झाले होते. पंधरा सकाळी! प्रत्येक थांब्यावर ती दारं मिटायची वाट बघत होती.

पार्वतीचं दार नुसतं लोटलेलं होतं. लीला चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सरितानं कपाळ चाचपलं, पोट दाबून पाहिलं. ताप नव्हता, पोट मऊ होतं.

"शाळेत कुणी मारतं? कुणी त्रास देतं?"

मान हलली, नाही.

मग जे विचारताना जीभ जड झाली, तेही तिनं विचारलं. तेही नाही.

"मग काय होतं गं बाळा?"

लीला हळूच म्हणाली, "अक्का, नाटकातली ती आई परत आली का?"

सरिताला आठवलं. नाटकातली आई सकाळी कामाला जाते, दिवस मावळला तरी येत नाही. मुलगी कंदील घेऊन शोधायला निघते. आणि नेमकं तिथंच सरितानं टाळ्या वाजवल्या होत्या, "उठा, उठा, बसची वेळ झाली!" तिनं चाळीस मुलं अर्ध्यावर उठवली होती.

"मी आजारी पडले की आई दुपारच्या सुट्टीत येऊन बघून जाती," लीला म्हणाली. "मग कळतं, हाय म्हणून."

शेवट सरितालाही ठाऊक नव्हता. हिला खोटं कसं सांगायचं? आणि खरं वाईट निघालं तर? तिनं नाटक मंडळीच्या बाळाप्पांना फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"अण्णा, ती आई परत येते का?"

"कुठली आई?"

"नाटकातली हो!"

"येती की! कंदील बघूनच तर वाट सापडती तिला. तुम्ही शेवटपर्यंत बसला कुठं?"

सरितानं श्वास सोडला. "आली गं. ती आली."

लीला तिच्याकडे एकटक बघत राहिली. "अक्का, तुम्ही नाटक करत नाही ना?"

सरितानं फोन तिच्या कानाशी धरला. "अण्णा, पुन्हा सांगा. शेवटचं सगळं सांगा. हळू सांगा."