तापलेल्या कॉम्प्युटरला ओलं पोतं

आता तुम्ही हसणार, हे ठाऊक असूनच सांगतोय. मी कॉम्प्युटरचा इतिहास इतका मन लावून शिकलो, की कॉम्प्युटरच बुडवला. खरंच, पाण्यात!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस दोन वर्षं रुसला होता. नळ कोरडे, पण लातूर शहरात कॉम्प्युटरचा क्लास मात्र आला. उदगीरच्या आमच्या किराणा दुकानातून सुटायची मला तेवढीच एक वाट. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं, "सर्टिफिकेट आणलास तर नोकरी कर. न्हाई तर गपगुमान दुकानात बस."

क्लासात कॉम्प्युटर एकच. एसीच्या खोलीत, काचेपलीकडं. चपला काढून नुसतं दर्शन घ्यायचं! तीन महिने सरांनी इतिहासच शिकवला. पहिल्या पिढीची यंत्रं खोलीएवढी, आत बल्बसारखे हजारो व्हॉल्व, ते तापले की यंत्र बंद. हे "तापले की बंद" माझ्या डोक्यात पक्कं बसलं. चाचणीत मी पहिला आलो.

म्हणूनच परीक्षेच्या दिवशी सरांनी मला आत बसवलं. म्हणाले, "मी स्टँडवरून नांदेडच्या परीक्षकांना घेऊन येतो. तू हुशार आहेस, मशीनवर लक्ष ठेव."

सर गेले आणि एसी बंद पडला. कॉम्प्युटर मात्र चालूच. मी त्याच्या पाठीला हात लावला. गरम! हा बंद पडला तर परीक्षा कसली आणि सर्टिफिकेट कुठलं?

आता मला सांगा, आमच्याकडं उन्हाळ्यात रांजण गार कसा ठेवतात? ओलं पोतं गुंडाळून. बस्स! क्लासच्या खालच्या धान्याच्या आडतीतून तुरीचं रिकामं पोतं उचललं आणि टँकरच्या रांगेत घुसलो.

"ए लेकरा, मागं हो की! आम्ही काय येड्या हाव का?" एक मावशी खवळली.

"मावशी, वर कॉम्प्युटर लई तापलाय. बंद पडला तर माझी परीक्षा बुडती!"

मावशीला कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, पण परीक्षा ठाऊक होती. तशा दुष्काळात तिनं मला अर्धी घागर दिली हो!

पोतं भिजवून कॉम्प्युटरला छान गुंडाळलं. उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं? वरून ओतलं. फट्! हिरवी अक्षरं गेली, घरघर थांबली. मला वाटलं, आला बिचाऱ्याला आराम.

तेवढ्यात सर आणि परीक्षक दारात.

"हे काय करायलास रे?" सर किंचाळले.

"गार करायलोय, सर. पहिल्या पिढीची यंत्रं तापली की..."

"अरे बाबा, हे चौथ्या पिढीचं हाय!" परीक्षकांनी कपाळाला हात लावला.

"चौथी पिढी अजून शिकवली न्हाई, सर."

परीक्षक खुर्चीत बसून पोट धरून हसले आणि मला पास करून मोकळे झाले. सर मात्र हसले नाहीत. चार दिवस गच्चीवर शेजारणीच्या पापडांजवळ वाळवला, तेव्हा कुठं कॉम्प्युटर सुरू झाला. मग त्यांनी सर्टिफिकेट दिलं, पण खाली लाल शाईनं लिहिलं, 'इतिहास उत्तम. यंत्राजवळ एकट्यास सोडू नये.'

ते घेऊन कुठल्या ऑफिसात जाणार? आलो गपगुमान दुकानात. तिथंही माझी कीर्ती पोचलीच. आजही फ्रिज जरा कुरकुरला, की बायको आधी मला बाहेर काढते आणि मगच मेकॅनिकला फोन करते.