नेपच्यून किसनच्या वावरात

सन २०२४. माझं वय एकाहत्तर, आणि त्या वर्षी मी सूर्यमालेची हद्द चुकवली.

शेताची हद्द मी आयुष्यात कधी चुकवली नाही. (किसन काही म्हणो!) किसन म्हणजे माझा चुलतभाऊ. आमच्या दोघांत एक बांध आहे आणि त्या बांधापायी बऱ्याच वर्षांचा अबोला आहे. तो म्हणतो मी बांध कोरला. मी म्हणतो उंदरांनी कोरला. उंदरांची साक्ष काढता येत नाही, म्हणून प्रकरण तसंच राहिलं.

झालं असं की माझी नात तनू सहावीत. तिच्या बाईंनी सांगितलं, सूर्यमाला कागदावर काढू नका, अंतरं धरून जमिनीवर मांडा. शाळेचं पटांगण पुरेना. तनूनं हात वर केला, "आमच्या आबांचं वावर लई लांब हाय!" झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा वर्ग आमच्या शेतातून सूर्यमाला चालत बघणार असं ठरलं. मी पुणतांब्यात भेटेल त्याला सांगत सुटलो, "उद्या आपल्याकडं सूर्यमाला हाय!" (जणू सत्यनारायण!)

माझं शिक्षण तिसरी. ग्रह मला दोनच ठाऊक: शनी साडेसातीला आणि मंगळ लग्न मोडायला. तरी दुपारी मी दोर धरायला उभा राहिलो. तनूनं विहिरीजवळ सूर्य म्हणून एक डाळिंब ठेवलं.

"हे काय?"

"सूर्य, आबा. डाळिंबाच्या मापानं सगळे ग्रह आपल्या बांधाच्या आत बसतात."

"सूर्यनारायण हाय त्यो! त्याला डाळिंब? नारळ ठेव."

"आबा, सूर्य मोठा केला की अंतरंपण वाढतात."

"वाढू दे. आपल्याकडं जागा काय कमी हाय?"

पोर शहाणी. मातीत काडीनं नवा हिशेब मांडला आणि डाळिंब बाजूला ठेवलं. नारळ शेंडीसकट विराजमान झाला.

मग आम्ही खुंट्या ठोकत निघालो. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर डिंकानं एकेक दाणा चिकटवलेला. पृथ्वी म्हणजे राजगिऱ्याचा दाणा! मी चष्मा पुसून पाहिला.

"ह्यात पुणतांबं कुठं?"

"दिसणार नाही, आबा."

"आन् गोदावरी?"

"तीपण नाही."

एवढी मोठी गोदामाय राजगिऱ्यात! मी टोपी काढून त्या दाण्याला हात जोडले. (घरचे सांगतील, असं सहसा होत नाही.)

गुरू म्हणजे शेंगदाणा. तनू सांगत होती, गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली पाणी असावं असं म्हणतात, म्हणून तिथं जीव सापडतो का ते बघणार आहेत. मी म्हणालो, "त्यात काय! पानी तिथं जीव. आमी हीर खांदताना हेच बघतो."

"आबा, शास्त्रज्ञपण हेच म्हणतात!"

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं. शास्त्रज्ञांचं आणि माझं एकमत! त्या आनंदात, तनू पुढं गेल्यावर, मी खुंटीवरचा गुरू काढून तोंडात टाकला. सवयीनं! चावल्यावर कळलं. म्हटलं, सकाळी दुसरा लावू. आणि विसरलो.

शनी झाला, युरेनस झाला, आणि बांध आला.

"आबा, नेपच्यून पलीकडं जातोय. किसनआजोबांच्या कांद्यात." मग हळूच म्हणाली, "डाळिंब ठेवू या का परत?"

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ठेव. मी म्हणालो, "नारळ हलनार न्हाई!"

तनू बांध ओलांडून खुंटी ठोकून आली. तेवढ्यात किसननं पाहिलं. विहिरीपासून सरळ रेषेत खुंट्या, माझ्या हातात दोर, आणि विहिरीजवळ नारळ ठेवल्याचं आधीच त्याच्या कानावर आलेलं! तो धोतर सावरत धावला.

"मोजनी आनली! चोरून मोजनी आनली! वर नारळ ठेवून मुहूर्त केला!"

आजूबाजूच्या रानातली माणसं गोळा झाली. मी एका वाक्यात खरं सांगू शकलो असतो. पण किसन म्हणाला, "उपट ती खुंटी!" मग माझंही डोकं फिरलं.

"न्हाई उपटनार! नेपच्यून हितंच येतो!"

"कोन नेपच्यून? त्याला म्हनावं सातबारा घेऊन ये!"

तनू रडवेली झाली. "आजोबा, ही खुंटी उपटली तर उद्या माझी सूर्यमाला अर्धवट राहील." आणि तिनं त्याला सगळं समजावलं. किसन खुंटीवरच्या ज्वारीच्या दाण्यापुढं उकिडवा बसला.

"हितनं सूर्य कुठाय?"

"तो तिकडं, विहिरीजवळ."

"दिसंना की गं!"

"खऱ्या नेपच्यूनवरूनपण चांदणीएवढाच दिसतो."

"मग हितं कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही. पण लांबच्या ताऱ्यांकडून काही आवाज येतो का, ते मोठ्या मोठ्या तबकड्या लावून ऐकत बसतात."

"आला का?"

"अजून नाही."

"तरी ऐकत्यात?"

"हो."

किसन डोळ्यांवर हात धरून विहिरीकडं बघू लागला. मीही बघत होतो. ज्या बांधापायी आम्ही आयुष्य नासवलं, तो त्या राजगिऱ्यावर कुठं शोधायचा? आणि हे सगळं पाठ असलेली ही एवढीशी पोर माझी नात! मला रडू यायला लागलं, म्हणून मी खोकलो.

किसन उठला. "तुझ्या आज्याला सांग, बांधापल्याड जीव हाय का ते बघाय तबकडी लागत न्हाई. यानं कवा हाक मारली?" माणसं खो खो हसली. "खुंटी ठेवायची का उपटायची, ते सकाळी ठरवीन. ज्याला पायजे त्यानं येऊन इचारावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, मी बांधावर उभा राहिलो. घसा खाकरला. "किसन!" उत्तर नाही. "ए किसन!" उत्तर नाही. तिसऱ्यांदा तर असा ओरडलो की कांद्यातले बगळे उडाले. म्हटलं, गेला नेपच्यून!

"वरडतो कशाला?" आवाज मागून, थेट विहिरीकडून आला. मी धापा टाकत तिथं गेलो. किसन माझ्याच विहिरीच्या कठड्यावर बसून सूर्याची शेंडी कुरवाळत होता. "माझ्याकडनं सूर्य दिसत न्हाई, म्हनून बघाय आलो. खुंटी ऱ्हाऊ दे पोरीची." मग खुंट्यांच्या रांगेकडं बोट केलं. "पर येताना बघितली, ही मधली मोकळीच हाय की! हितला ग्रह कुठाय?"

सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ग्रह मीच खाल्ला, हे आता कोणत्या तोंडानं सांगणार?