नाव टाकलेला पेला

शकू गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्याच घरी निघाले होते. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि सुट्टीत माझं दुपारचं जेवण तिच्याकडेच व्हायचं. वाटेत तिच्या शेजारणीने अडवलं. "मॅडम, शकूताईच्या छातीत कळ आली... आदिलाबादले नेऊन राह्यले होते, रस्त्यातच..." माझ्या हातात कैरीच्या लोणच्याची वाटी होती. ती तशीच धरून मी उन्हात उभी राहिले.

आम्ही दोघी आदिलाबादजवळच्या बेला गावच्या, शिक्षिकेचं शिक्षणही बरोबरच घेतलेलं. तिचे वडील दुसऱ्याच्या कपाशीत राबले आणि लेकीला विज्ञान शिकवून गेले. मला गावातल्याच खाजगी शाळेत हिंदी मिळालं, तिला गुडीहत्नूरच्या खाजगी शाळेत विज्ञान. बेल्याहून आदिलाबाद, तिथून दुसरी बस. तिची तक्रार नव्हती. पण तिच्या मायची नजर गेली आणि सगळं बदललं. सकाळी ती भाकर-भाजी मायच्या हाताशी ठेवून निघायची. संध्याकाळी येऊन बघावं तर डबा तसाच. "माय, काऊन नाई जेवली?" "एकटीनं घास उतरत नाई वं," माय म्हणायची. रोज हेच.

मग आमच्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी झाली. शाळेपासून शकूचं घर पाच मिनिटांवर. मधल्या सुट्टीत जाऊन मायला जेवू घालता आलं असतं. शकूला तेवढंच हवं होतं. ती नमुना पाठ द्यायला आली, परातीत पाणी घेतलं, त्यात आरसा तिरपा धरला आणि वर्गाच्या भिंतीवर सात रंग पाडले. घंटा झाली तरी मुलं उठेनात. आमच्या शाळेचे मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे पाहिजेच." आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकीचा नाव टाकलेला स्टीलचा पेला असतो. त्याच संध्याकाळी मी भांड्यांच्या दुकानात जाऊन तिचा करून आणला. ती हसत सुटली. "काऊन वं, इतकी घाई? मालकायले हो तं म्हनू दे."

दुसऱ्या दिवशी मालकांनी गुडीहत्नूरला फोन केला. इथला तसा रिवाज आहे. दसऱ्याला आसपासच्या खाजगी शाळांचे मालक जम्मीच्या, म्हणजे शमीच्या झाडाखाली भेटतात, पानं देतात-घेतात, आणि एकमेकांचे मास्तर घ्यायचे नाहीत हा शब्द नवा करतात. पलीकडचा मालक हो म्हणाला तरच माणूस सुटतं, आणि तो सहसा हो म्हणत नाही. राजीनामा देऊन बाहेर पडावं, तर दुसरी कुठलीच शाळा दारात उभं करत नाही. तिकडून नकार आला तसे आमचे मालक खाली बघत शकूला म्हणाले, "मॅडम, मी तर आजच घेतलं असतं. पण हातात पान घेतलंय." गुडीहत्नूरच्या मालकांनी तर तिला खुर्ची देऊन, चहा मागवून समजावलं, की शाळा म्हणजे घर, घरातलं माणूस असं कोणी जाऊ देतं का? शकू म्हणाली, "घर तं माहं बेल्याले हाये, सर." चहा संपवून ती तासाला गेली.

पुढची वर्षं तिने त्याच दोन बसनी काढली. सुट्टीच्या दिवशी कधी शाळेत यायची, आपल्या पेल्यातून पाणी प्यायची आणि म्हणायची, "पाव्हनी म्हून आली बरं." मोठ्या कंपन्यांमधल्या अशा करारांवर बंदी हवी असं मी एकदा पेपरात वाचलं आणि तिला दाखवलं. ती म्हणाली, "त्यायचा करार कागदावर असन. आमचा तं झाडाच्या पानावर हाये. बंदी कशावर आनतीन?" थोडं थांबून मग म्हणाली, "तोंडी शब्दालेबी लागू होईन असा कायदा पायजे." मला आता वाटतं, याहून नेमकं काही सांगता येणार नाही. पगार मालकाने ठरवावा, वेळ ठरवावी. पण माणसाने कुठे काम करावं हे त्याच्या पाठीमागे चौघांनी बसून ठरवू नये, आणि ते थांबवणं कोणाच्या भलेपणावर सोडू नये.

जलदानविधीला आमचे मालक आले. मायने आवाजावरून ओळखलं. हात पुढे करून चाचपडत म्हणाली, "सर, आता घ्याल का शकूले तुमच्या शाळेत? आता तं कोनाले इचारा नाई लागत." जूनमध्ये विज्ञानाला नवी मुलगी आली, तलमडुगूच्या एका खाजगी शाळेतून. मालकांनी तिकडे फोन केला नाही. दसऱ्याला ते पान घेतील की नाही, मला माहीत नाही...

मधल्या सुट्टीत आता मी मायकडे जाते. ती जेवते, पण दारात पाऊल वाजलं की अजून मान त्या बाजूला वळते. परवा मी निघत असताना नव्या मुलीने कपाटातला पेला हातात घेतला, नाव वाचलं आणि विचारलं, "ह्या शकुंतला मॅडम कोणत्या शाळेत होत्या?"

"आपल्याच," मी म्हटलं, आणि मायचा डबा घेऊन निघाले.