आत्याबाईंच्या कापडाचा बर्फ

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी माझ्या सासूच्या कफनाची गोधडी केली. सासू तेव्हा जिवंत होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर भलता गैरसमज व्हायचा. (घडलं तेच काय कमी वाईट आहे!)

लढाईचे दिवस होते. भिंगारात आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर होते. चर्चमध्ये बायकांचा शिवणवर्ग चाले आणि अमेरिकेहून आलेल्या मिसबाई तो घेत. त्या वर्षी त्यांनी टूम काढली की बारा जणींनी एकेक चौकोन शिवायचा, त्यावर कापडाचे तुकडे लावून हिवाळ्याचं चित्र करायचं आणि बाराही चौकोन जोडून नाताळात दवाखान्याला गोधडी द्यायची. कुणी हुरड्याची शेकोटी ठरवली, कुणी बोरीचं झाड. पण मिसबाईंनी त्यांच्या गावाकडचं नाताळाचं कार्ड दाखवलं. घर पांढरं, झाडं पांढरी, वाट पांढरी!

"हिवाळा म्हणजे बर्फ! सगळीकडे बर्फ पाहिजे."

"समदंच पांढरं?" आमच्या शेजारच्या रूथबाईंनी विचारलं. "आन् मानसं कुठं गेली?"

"माणसं घरात आहेत."

"शानी हायेत."

बर्फ आमच्यापैकी कुणीही पाहिला नव्हता, पण खरी अडचण पांढऱ्या कापडाची होती. कापड रेशनवर! घरातली धोतरं धुऊन धुऊन मातकट झालेली. तेवढ्यात मी, आठ महिन्यांची नवी सून, ताडकन उभी राहिले. "आमच्यात हाय की कोरं कापड! बारा जनींना पुरंल!" मला कुणी विचारलं होतं का? पण मोठेपणा करायची हौस दांडगी!

कापड आत्याबाईंच्या पत्र्याच्या पेटीत होतं. (सासूला मी आत्याबाई म्हणे.) दुधासारखं पांढरं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं. "त्या पेटीला हात लावू नगंस," असं त्यांनी मला बजावलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. (नव्या सुनेला कारण सांगायची आमच्यात पद्धत नव्हती.) मला वाटलं, चादरीसाठी ठेवलं असेल, रेशनचं कापड आलं की गुपचूप परत ठेवू. आत्याबाई लेकीकडे राहात्याला गेलेल्या. मी कात्री चालवली, बारा वाटे केले, माझ्या चौकोनावर बर्फातली मेंढरं शिवली, मिसबाईंची शाबासकी घेतली आणि दोन दिवस मान ताठ करून हिंडले.

गोधडी जोडून झाली, नाताळापर्यंत रूथबाईंकडे ठेवली, आणि आत्याबाई परतल्या त्या तापानं फणफणलेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ह्यांना जवळ बोलावलं.

"दाविदा, माझं काय आता खरं न्हाई. पेटीत माझ्या मातीचं कापड हाय, ते उशाशी आणून ठेव."

मातीचं कापड! म्हणजे मी कफनावर कात्री चालवली होती! ह्यांनी पेटी उघडली.

"आई, हितं तर नुसता पाला हाय!"

"नीट बघ रं. समदा जन्म जुनेरात गेला. जाताना तरी अंगावर कोरं असावं म्हनून लढाईच्या आधीपास्नं जपलंय."

हे ऐकलं आणि मला रडूच कोसळलं. अख्ख्या आयुष्यात त्या बाईनं स्वतःसाठी एवढीच एक वस्तू राखली होती आणि मी तिच्यावर मेंढरं शिवली होती! तशीच धावत रूथबाईंकडे गेले.

"माझं कापड काढून द्या!"

"आता कसं काढू? खाली आस्तर लावून पक्की शिवली की!"

मग अख्खी गोधडीच उचलून पळाले. मागून रूथबाई, आणि त्यांच्या मागून आत्याबाईंसाठी प्रार्थना करायला निघालेले चर्चचे पाळकसाहेब. घरात शिरताच मी गोधडी आत्याबाईंच्या अंगावर टाकली.

"आत्याबाई, तुमचं कापड ह्यातच हाय. समदंच्या समदं. चुकले मी!"

आत्याबाईंनी डोळे उघडले. बोट एका चौकोनावर ठेवलं. "हे काय?"

"मेंढरू."

"आन् हे?"

"बर्फ."

"हे?"

"त्योबी बर्फच."

तीन दिवस कूस न बदललेल्या आत्याबाई ताडकन उठून बसल्या! "मला बर्फात पुरता व्हय गं?"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, शांत व्हा. मनाची तयारी करा."

"कशाची तयारी? अंगावर घालाया कापड न्हाई! वर जाऊन काय मेंढरं दाखवू? नवं कोरं कापड आल्याबिगर मी मरायची न्हाई, सांगून ठिवते!"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. आत्याबाई दिवे लागेपर्यंत मला बोलत होत्या. गोधडीखाली बोलता बोलता घाम फुटला, ताप उतरला, आणि मग त्यांनी भाकरी मागितली. गोधडी दवाखान्याला द्यायला त्यांनी साफ नकार दिला. मिसबाईंना ते सांगायचं काम माझ्यावर आलं.

लढाई संपली, कापड मिळू लागलं. ह्यांनी तीनदा आणलं. एक विरळ निघालं, एक पिवळट, एक आखूड. आत्याबाई चांगल्या दणकून जगल्या. भिंगारातल्या बायका म्हणत, "सून असावी तर अशी! सासूला मरनाच्या दारातनं माघारी आनलं!" मी मान खाली घालून ऐकून घेई. फक्त सासूच्या तब्येतीची चौकशी करायची मला सोय उरली नाही. सकाळी चहा देताना कधी सहज विचारलं, "आत्याबाई, बरं वाटतंय ना?" की त्या कपबशी खाली ठेवत आणि माझ्याकडे रोखून बघत.

"का गं? परत कापड लागतंय व्हय?"